बाराच्या हिशेबासाठी ‘बीसी’: एक परीक्षण

द्वादशमान, म्हणजे दहाऐवजी बारा हा पाया धरणाऱ्या पद्धतीतील पूर्णांकांचे गुणधर्म कागदावर पडताळू लागले की बराचसा वेळ बाराने भागून बाक्या मांडण्यातच जातो आणि मूळ शोध मागे राहतो. या कामासाठी मी गेले काही महिने ‘बीसी’ हा टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टंकून देण्याच्या खिडकीत, चालणारा जुना गणक वापरत आहे. लिनक्सवर तो विनामूल्य मिळतो, कितीही अंकी पूर्णांक नेमकेपणाने हाताळतो, आणि ‘ओबेस=१२’ (उत्तराचा पाया बारा) एवढे लिहिले की पुढची सारी उत्तरे द्वादशमानात छापतो; दहासाठी ‘ए’ आणि अकरासाठी ‘बी’ ही रोमन अक्षरे येतात.

पहिली परीक्षा मी रामानुजन यांच्या १७२९ या, दोन घनांची बेरीज म्हणून दोन प्रकारे लिहिता येणाऱ्या संख्येची घेतली, आणि उत्तर आले १००१. बाराचा घन अधिक एक, ही तिची घडण अंकांतच उघडी पडते. दुसऱ्या प्रकारात दहाचा घन ६बी४ आणि नऊचा घन ५०९. या दोहोंची बेरीज करताना एकामागून एक तीन हातचे येतात आणि पुन्हा तेच १००१ मिळते, हे पाहताना मला फार आनंद झाला.

त्यानंतर एका ओळीचे लूप, म्हणजे तीच क्रिया पुन्हा पुन्हा करणारी आज्ञा, लिहून वर्गसंख्या छापल्या. कोणत्याही वर्गाच्या एकक स्थानी ०, १, ४ किंवा ९ यांपैकीच अंक येतो, आणि हे चारही अंक स्वतः वर्ग आहेत. दशमानात ५ आणि ६ हे अंकही तेथे येत असल्याने ही शिस्त टिकत नाही. तीनपेक्षा मोठ्या मूळ संख्या १, ५, ७ किंवा बी यांतच संपतात. नऊच्या पाढ्याची ओळखीची गंमत येथे अकराकडे जाते: बी, १ए, २९, ३८, ४७, आणि प्रत्येकातील अंकांची बेरीज अकराच. दहाचे क्रमगुणित, म्हणजे एक ते दहा यांचा गुणाकार ३६२८८००, येथे १२७०००० असे दिसते. दोन शून्यांऐवजी चार, कारण त्यात दोनाचा आठवा आणि तीनाचा चौथा घात दडलेला आहे.

एक नियम मात्र आधी समजून घ्यावा लागतो. संख्या द्वादशमानातच लिहून द्यायच्या असतील तर ‘आयबेस=१२’ (दिलेल्या संख्यांचा पाया बारा) लिहावे लागते, पण ते आधी लिहिले तर नंतरच्या ‘ओबेस=१२’ मधील १२ हाही द्वादशमानात वाचला जातो, म्हणजे त्याचा अर्थ चौदा होतो आणि उत्तरे भलत्याच पायात येतात. म्हणून ओबेस आधी, आयबेस नंतर. दशमानात परतण्यासाठी ‘आयबेस=ए’ लिहावे, कारण एकटा ‘ए’ नेहमी दहाच मानला जातो. अंक म्हणून येणारी अक्षरे मोठ्या (कॅपिटल) लिपीतच हवीत. लहान लिपीतील अक्षर हे चलाचे नाव ठरते आणि किंमत न दिलेले चल शून्य धरले जाते. शाळेतील मुलांच्या हाती हा गणक देताना शिक्षकांनी एवढे आधी फळ्यावर लिहून द्यावे.

त्या मुलांना पहिल्याच दिवशी १८६ए३५ ही संख्या द्यावी आणि तिला दोन ते सहा यांनी गुणायला सांगावे. दुपटीला ३५१८६ए येते, सहापटीला ए३५१८६. प्रत्येक वेळी तेच सहा अंक, त्याच क्रमाने, फक्त सुरुवात बदललेली. सातने गुणल्यावर सलग सहा बी येतात.