दिवाळी ते मृग: घरी बांधलेल्या आरसी (रिमोटवर उडणाऱ्या) विमानाचा अनुभव, विशेषतः उतरवण्याचा

दिवाळीत बांधून झालेलं हे विमान मृग लागेपर्यंत लातूरजवळच्या मुरमाड माळावर उडवलं. पंख वरच्या बाजूला, त्याची लांबी १.४ मीटर, रुंदी २२ सेंटिमीटर, छेद क्लार्क वाय नावाच्या प्रचलित आकाराचा, बॅटरीसकट वजन १.२ किलो. उडतं झकास. पण नवख्याचं विमान मोडतं ते उतरताना, म्हणून लिहितोय ते त्याबद्दलच.

लिफ्टचा, म्हणजे पंखाच्या उचल देण्याच्या क्षमतेचा गुणांक जास्तीत जास्त १.१ धरला, तर हिवाळ्यातल्या सकाळी याचा स्टॉल स्पीड (ज्याच्या खाली पंखाची उचल कोसळते तो वेग) ताशी २८ किमीच्या आसपास येतो. मे महिन्यात पारा ४२ वर गेला की हवा विरळ होते आणि तोच आकडा २९ च्या पुढे सरकतो. मोठ्या विमानातला वेगदर्शक हवेचा दाबच मोजतो, त्यामुळे वैमानिकाला उन्हाळ्यातही स्टॉल जवळपास त्याच आकड्यावर दिसतो. आपल्याकडे मोजायला फक्त डोळे, आणि डोळ्यांना दिसतो तो जमिनीवरचा वेग. समोरून ताशी १५ किमी वारा असेल तर विमान रांगल्यासारखं दिसतं, तरी ते नीट उडत असतं. पाठीवर वारा घेतला की तेच सुसाट वाटतं, हात आपोआप एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची पट्टी) ओढतो आणि विमान स्टॉल होतं. म्हणून वेगाकडे बघूच नका, नाकाकडे बघा.

उतरताना स्टॉलच्या १.३ पट, म्हणजे ३६ ते ३८ चा वेग ठेवावा. एलेव्हेटरने वेग सांभाळायचा, थ्रॉटलने (मोटरच्या जोराने) उंची. वजन कमी आणि हवेचा अडथळा जास्त असल्यामुळे थ्रॉटल एकदम बंद केला की वेग क्षणात गळतो. माळाची कड ओलांडेपर्यंत थोडा चालू असू द्या. शेवटचं वळण उंचावर आणि मोठं घ्या. ४५ अंश कलून वळलं की स्टॉल स्पीड १९ टक्क्यांनी वाढतो, हे कायम डोक्यात असू द्या.

या बांधणीतली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे वॉशआउट. पंखाच्या टोकांपाशी पुढची कड २ अंशांनी खाली पिळली आहे. त्यामुळे स्टॉल आधी मुळाशी होतो आणि टोकाचे एलेरॉन (विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या पट्ट्या) शेवटपर्यंत हाताला लागतात. तरीही कमी वेगात पंख पडू लागला तर रडरनेच (शेपटीच्या उभ्या पट्टीनेच) सावरावं. दोन्ही एलेरॉन खाली आणून त्यांचे फ्लॅप (कमी वेगात जास्त उचल देणाऱ्या पट्ट्या) करण्याची सोय ट्रान्समीटरमध्ये, म्हणजे हातातल्या रिमोटमध्ये आहे, पण त्याने वॉशआउटचा फायदाच जातो. मी ती बंदच ठेवतो.

चाकं फोमची, मुरमावर उत्तम. काळ्या रानात मात्र उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पुढचं चाक अडकतं, तिथे उतरवूच नये. एप्रिल-मेच्या दुपारी वावटळी उठतात, तेव्हा सकाळचीच वेळ धरावी.

आता नवा पंख बांधायला घेतलाय. एकूण वजन १ किलोवर आलं तर हिवाळ्यातला स्टॉल स्पीड २६ च्या खाली येईल. वॉशआउट तेवढाच ठेवणार.