इतवारीतील उटणे-कुंकवाचे दुकान : उटणे उत्तम, सुरमा मात्र घेऊ नये

नागपूरच्या इतवारीत, सराफा बाजारापासून जवळच, पूजासाहित्य आणि काष्ठौषधींच्या दुकानांच्या ओळीत एक जुने छोटेखानी दुकान आहे. उटणे, कुंकू, शिकेकाई, काजळ, सुरमा आणि अत्तर याखेरीज तेथे दुसरे काही मिळत नाही. प्रसाधनांच्या इतिहासाविषयी आस्था असणाऱ्या प्रत्येकाने तेथे एकदा जावे, असे मला मनापासून वाटते. कारण हजारो वर्षांचा वारसा असलेल्या या वस्तू तेथे आजही रोजच्या वापरासाठी विकल्या जातात.

दुकानाचे खरे वैभव म्हणजे उटणे. आंबेहळद, नागरमोथा, कपूरकाचरी, वाळा, गव्हला आणि सुकवलेली संत्र्याची साल हे सारे जिन्नस वेगवेगळ्या बरण्यांत ठेवलेले असून, आपण सांगू त्या प्रमाणात दुकानदारकाका ते आपल्यासमोर तोलतात आणि लगेच दळून देतात. दळण हातात येते तेव्हा ते किंचित कोमट असते. आधी वाळ्याचा थंड वास जाणवतो आणि त्यामागून संत्र्याच्या सालीचा कडवट, टवटवीत दरवळ येतो. सहाव्या शतकात ज्योतिर्विद वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त गंधयुक्तीवर, म्हणजे सुगंधी मिश्रणे करण्याच्या कलेवर, स्वतंत्र अध्याय लिहिला आणि सोळा द्रव्यांतून चार-चार द्रव्ये निवडली तर १८२० मिश्रणे होतात, हे गणितही त्यात मांडले. सुगंध हा प्रमाणाचा विषय आहे, ही त्या अध्यायातली दृष्टी या तराजूपाशी उभे राहिल्यावर चांगलीच उमगते. दुकानात उटण्याची तयार पाकिटेही आहेत, परंतु त्यांना हा ताजेपणा नाही.

कुंकू येथे दोन प्रकारचे मिळते. हळकुंडांवर लिंबाचा रस आणि टाकणखार यांचा संस्कार करून केलेले कुंकू महाग आहे, तर कृत्रिम रंगाचे स्वस्त; आणि कोणते कोणते आहे, हे काका न विचारताच सांगतात. हळदीचे कुंकू भडक नसते, त्याची लाली थोडी विटकरीकडे झुकते. कपाळाला आधी मेण लावून त्यावर कुंकू रेखण्याची आपल्या आज्यांची पद्धत ज्यांना ठाऊक आहे, त्यांच्यासाठी मेणाच्या डब्याही ठेवलेल्या आहेत. शेंदूर मात्र वेगळा पदार्थ आहे. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिसे या विषारी धातूचे ऑक्साइड, त्यामुळे तो कपाळाला किंवा भांगात लावण्याच्या कामाचा नाही. दुकानात तो पूजेच्या सामानात निराळा ठेवलेला आहे, ही व्यवस्था मला फार योग्य वाटली.

माझा आक्षेप आहे तो सुरम्यावर. एरंडेल तेलाच्या दिव्याची काजळी तांब्याच्या ताटलीवर धरून, तुपात खलून केलेल्या काजळाच्या डबीवर घटक स्पष्ट लिहिलेले आहेत. शेजारच्या सुरम्याच्या बाटलीवर मात्र निर्मात्याचे नाव नाही की घटकांची यादी नाही. चौकशी केल्यावर ‘हा फार जुन्या काळापासून चालत आलेला आहे’ एवढेच उत्तर मिळाले. प्राचीन इजिप्तमधील डोळ्यांचे काळे अंजन मुख्यतः गॅलेना, म्हणजे शिशाच्या सल्फाइडच्या खनिजापासून केले जाई आणि आजही पुष्कळ ठिकाणचा सुरमा त्याच खनिजाचा असतो. सोळाव्या शतकापासून युरोपातील श्रीमंत स्त्रिया चेहऱ्यावर शिशाचा पांढरा लेप लावत; ती प्रथाही पिढ्यानपिढ्या टिकली आणि तिने त्वचेची व आरोग्याची हानीच केली. त्यामुळे जुनेपणा हा निर्धोकपणाचा पुरावा मानता येत नाही. शिशाची किंवा आर्सेनिकची संयुगे रंगासाठी वापरलेली प्रसाधने तयार करण्यास भारतात कायद्याने मनाई आहे. लहान बाळांच्या डोळ्यांत घालण्यासाठी अनेक आया असला सुरमा घेऊन जातात, म्हणून हे लिहिणे मला आवश्यक वाटते. दुकानदाराने ही बाटली विक्रीतून काढून टाकावी.

शिकेकाई चांगली आहे, अत्तरे साधारण आहेत. संध्याकाळी त्या गल्लीत वाहन लावायला जागा मिळत नाही, म्हणून सकाळी जावे. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात गर्दीमुळे समोर दळून देणे बंद असते आणि केवळ पाकिटे मिळतात. तेव्हा उटणे करून घ्यायचे असल्यास त्यापूर्वीच जावे, ते घरी काचेच्या कोरड्या बरणीत भरावे, कारण दुकानातील कागदी पुडीत ओल लवकर धरते.