पवनचक्कीचं व्हायब्रेशन मॉनिटरिंग: एक अख्खा सीझन वापरल्यावर

चाळकेवाडीच्या पठारावरच्या आमच्या पवनचक्क्यांना कंपनांवरून बिघाड आधीच ओळखणारी ही सिस्टीम बसवून वाऱ्याचा एक पूर्ण सीझन झाला. मेन बेअरिंग (पात्यांचा रोटर ज्यावर फिरतो ते), गिअरबॉक्स, जनरेटर अशा सगळ्या ठिकाणी सेन्सर, डेटा गोळा करणारी पेटी, आणि वर दरवर्षीचं भाडं. हे भाडं मला पहिल्यापासून खुपत होतं. तापमानाचे सेन्सर मशीनमध्ये होतेच, तेलाचे नमुनेही लॅबला जात होते. मग आणखी खर्च कशाला?

एप्रिलमध्ये माझं मत फिरलं. एका गिअरबॉक्सच्या हाय-स्पीड शाफ्टच्या (जनरेटरकडे जाणाऱ्या वेगवान दांड्याच्या) बेअरिंगवर पिवळा अलार्म आला. तापमान नेहमीइतकंच, तेलाचा रिपोर्ट स्वच्छ. पण एन्व्हलप स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे बेअरिंगमधले बारीक ठोके वेगळे काढून दाखवणाऱ्या आलेखात, आतल्या रिंगच्या दोषाची फ्रिक्वेन्सी ठळक उठलेली, आणि तिच्या दोन्ही अंगांना २५-२५ हर्ट्झवर कंगव्याच्या दातांसारख्या रेषा. हा शाफ्ट मिनिटाला साधारण १५०० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला २५. दोष फिरणाऱ्या रिंगवर असल्याची ही खूण. बेअरिंग काढलं तेव्हा आतल्या रिंगवर शाफ्टच्या लांबीच्या दिशेने गेलेली चीर सापडली, नख फिरवलं की अडकेल एवढी. हे बेअरिंग क्रेनशिवाय, वरच्या वर बदलता येतं. तेच जूनमध्ये फुटून तुकडे गिअरच्या दातांत गेले असते, तर गिअरबॉक्सच खाली उतरवावा लागला असता, आणि पावसाळ्यातल्या त्या वाऱ्यात क्रेन लावता येत नाही. ऐन कमाईच्या महिन्यांत मशीन बंद राहिलं असतं. भाड्याची कुरकुर मी तिथेच थांबवली.

पण जुलैमध्ये जे दिसलं ते अजून डोक्यातून जात नाही. धुक्याच्या ओलाव्याने दुसऱ्या मशीनच्या मेन बेअरिंगच्या सेन्सरचा कनेक्टर शॉर्ट झाला. सिग्नल मेला, आणि स्क्रीनवर ठिपका हिरवाच! कंपन नाही म्हणजे बेअरिंग ठीक, असं सॉफ्टवेअर धरून चालतं. मेन बेअरिंग मिनिटाला जेमतेम १५-२० फेरे फिरतं, त्याचं कंपन मुळातच क्षीण, त्यामुळे सपाट रेषेकडे कुणाचं लक्षही जात नाही.

खरी चीड याची आहे की पेटीला हे कळत असतं. या सेन्सरचं बायस व्होल्टेज (कंपन नसतानाही वायरवर असणारं स्थिर व्होल्टेज) साधारण १० ते १२ व्होल्ट असतं. वायर शॉर्ट झाली की ते शून्यावर येतं, तुटली की सप्लायपर्यंत चढतं. लॅपटॉप जोडून मी तो आकडा स्वतः पाहिलाय. तो डॅशबोर्डवर आणून ‘सेन्सर बंद आहे’ सांगणारा एक करडा ठिपका दाखवायला नवं हार्डवेअर लागत नाही. सपोर्टवाले मात्र ‘सर, पुढच्या व्हर्जनमध्ये येईल’ एवढंच सांगतात. गिअरबॉक्स आणि जनरेटरबद्दल माझी काहीही तक्रार नाही, तिथलं काम उत्तम आहे. पण ज्या बेअरिंगसाठी आख्खा रोटर उतरवावा लागतो, नेमकं तिथेच आंधळं राहून कसं चालेल?

तोवर आम्ही कनेक्टरवर सील टेप गुंडाळलीय आणि चांगला वारा असताना प्रत्येक चॅनलचा कच्चा सिग्नल उघडून बघतो. करडा ठिपका आल्याशिवाय पुढच्या वर्षाचं भाडं भरणार नाही, असं लेखी कळवलंय. तुम्ही घेणार असाल तर डेमोला त्यांच्यासमोर एक केबल उपटा आणि स्क्रीन काय दाखवते ते बघूनच ऑर्डर द्या.