इंजेक्टर बदलून ट्यूनिंग केलं त्याला आठ महिने झाले. सिग्नलवरची थरथर आत्ता कुठे गेली

हा अनुभव पाच महिन्यांपूर्वी लिहिला असता तर एकच तारा दिला असता. आज चार देतोय.

गाडी २०११ ची, १.२ लीटर पेट्रोल. इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारे नोझल) साफ करून घेतले तरी मिसिंग, म्हणजे इंजिनचा मधेच ठोका चुकणं, जाईना. कंपनीचा सेट परवडेना, म्हणून नाना पेठेतून दुसऱ्या मॉडेलचे, त्याच कनेक्टरचे चार आणले. "काका, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) आपोआप शिकतो," इति बसवणारा. आठवड्यात चेक इंजिनचा दिवा लागला. कोड पी०१७२, म्हणजे मिश्रण रिच. नवे इंजेक्टर जास्त पेट्रोल सोडत होते. ईसीयूने उणे २२ टक्क्यांपर्यंत कापून पाहिलं आणि हात टेकले. ॲव्हरेज १५ वरून ११.

मग भोसरीत एका ट्यूनरकडे नऊ हजार मोजले. त्याने इंजेक्टर बेंचवर मोजून फ्लोचा, म्हणजे ते किती पेट्रोल सोडतात त्याचा, खरा आकडा ईसीयूच्या मॅपमध्ये (पेट्रोलच्या हिशेबाच्या तक्त्यांत) भरला. काम चोख. खंबाटकी आता तिसऱ्यात कुरकुर न करता चढते, ॲव्हरेज १६, हायवेला ट्रिम (ईसीयू स्वतःहून पेट्रोलमध्ये करतो ती टक्क्यांतली वाढ-घट) उणे दोन.

पण सिग्नलवर! संध्याकाळी सिंहगड रोडला एसी, हेडलाइट आणि रेडिएटरचा पंखा एकदम चालू झाले की आरपीएमचा काटा ८०० वरून ५५० वर, स्टिअरिंग थरथरायचं. दोनदा भर गर्दीत बंद पडली. बायको गाडीत बसायला तयार होईना. मी ई-२० पेट्रोलला दोष दिला. पण पेट्रोलचा दोष असता तर हायवेलाही ट्रिम वर गेला असता. ट्यूनरचं एकच, "बॅटरी बदला." ५,२०० रुपये घातले, काडीचा फरक नाही. फोनवर आमचं चांगलंच वाजलं.

शेवटी साध्या ब्लूटूथ स्कॅनरवर आठवडाभर नोंदी घेतल्या. व्होल्टेज १४.१ असताना ट्रिम शून्याजवळ, एसी-पंख्याच्या भाराने १२.८ ला आलं की अधिक १४. दुखणं सापडलं: डेड टाइम. करंट मिळाल्यापासून इंजेक्टर उघडेपर्यंत साधारण एक मिलिसेकंद जातो, आणि व्होल्टेज पडलं की तो वाढतो. हायवेला पल्स (एका वेळी इंजेक्टरला करंट मिळण्याचा काळ) लांब, तिथे हा फरक खपून जातो. आयडलिंगला पल्सच दोन-अडीच मिलिसेकंदांचा, तिथे पेट्रोल कमी पडतं आणि इंजिन गुदमरतं. फ्लो नवा भरला होता, कोणत्या व्होल्टेजला किती डेड टाइम हा तक्ता मात्र जुन्याच इंजेक्टरचा राहिला होता.

नोंदी समोर ठेवल्यावर ट्यूनरने वाद घातला नाही. इंजेक्टर पुन्हा बेंचवर चढवले, १२ आणि १४ व्होल्टला वेगवेगळे मोजले, तक्ता बदलला आणि एक पैसाही घेतला नाही. त्या दिवशी माझा सगळा राग उतरला. तेव्हापासून राजाराम पुलाच्या सिग्नलला एसी लावून उभा राहतो, काटा जागचा हलत नाही.

पाचवा तारा बॅटरीच्या ५,२०० रुपयांपायी अडकलाय. तुम्ही हे काम करून घेणार असाल तर पैसे देण्याआधी डेड टाइमचे आकडे कागदावर मागून घ्या.