पहिलं विमान बांधावर आपटलं. दुसरं कोणतं घ्याल?

कर्जतजवळच्या भिवपुरीच्या पुढे, कापणी झालेल्या भाताच्या खाचरात मी धावत पोचलो तेव्हा माझ्या रिमोटवरच्या छोट्या विमानाचं नाक बांधात रुतलं होतं, शेपूट आभाळाकडे, आणि एक सर्वो (पंख-शेपटीच्या पट्ट्या हलवणारी छोटी मोटर) एकटाच कुरकुरत होता. मोटर जिच्यावर बसते ती प्लायची चकती फोमचा लचका घेऊन बाहेर आली होती. मोटरचा शाफ्ट वाकलेला, प्रॉपचं (प्रॉपेलरचं) एक पातं गायब. शेताचे मालक लांबून बघत होते. जवळ येऊन त्यांनी किंमत विचारली. मी सांगितली. "एवढ्यात सायकल आली असती की," ते म्हणाले.

मुलुंडहून लोकलने दीडेक तास, पुढे रिक्षा, आणि उड्डाण साडेतीन मिनिटांचं. परतताना लगेजच्या डब्यात तुकड्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसलो आणि मोबाइलवर शोधायला लागलो ते काय, तर स्पिटफायर, दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानाचं मॉडेल. नुकतंच विमान पाडलेल्या माणसाला असली विमानं फारच देखणी दिसतात. नशीब, तेव्हा खात्यात पैसे नव्हते.

त्यानंतर स्वतःसाठी एकदा आणि मित्रांसाठी दोन-तीनदा 'दुसरं विमान' निवडायची वेळ आली. तुमचंही तसंच असेल तर ट्रान्समीटर (हातातला रिमोट) शाबूत आहे, विमान गेलंय, आणि पुन्हा काही हजार घालायचे का यावर घरात बोलणी चालू आहेत. आपल्याला उडवायला महिन्यातून एखाददुसरा रविवार मिळतो, तोही पहाटे उठून, लोकल पकडून. म्हणून मी या सगळ्या विमानांना एकच माप लावतो: आपटल्यावर ते त्याच सकाळी पुन्हा उडेल का?

आधी, का पडलं?

मी बघितलेली बरीचशी पहिली विमानं दोन कारणांनी गेली. एक म्हणजे विमान आपल्याकडे तोंड करून येतं तेव्हा डावं-उजवं उलटं होतं आणि हात नेमका चुकीकडे जातो. यावर नवं विमान हे औषधच नाही. ट्रान्समीटर यूएसबी वायरने कॉम्प्युटरला जोडा आणि पिकासिमसारख्या फुकट सिम्युलेटरवर महिनाभर रोज पंधरा मिनिटं पाडापाडी करा. एक युक्ती लक्षात ठेवा: विमान समोरून येताना जो पंख खाली झुकलेला दिसेल, त्या बाजूला ट्रान्समीटरची काडी न्यायची, जणू त्याला खालून टेकू देतोय. बाकी विचार करायला तेव्हा वेळ नसतो.

दुसरं कारण माझं. उतरवण्याआधीचं वळण. विमान वाऱ्याबरोबर येत होतं, म्हणून जमिनीवरून वेग भरपूर वाटला. मी थ्रॉटल (मोटरचा जोर) कमी केलं आणि वळण आवळायला एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची पट्टी) ओढला. पंखांना जो हवेचा वेग लागतो तो तोवर संपत आला होता. डावा पंख खाली गेला, घाबरून मी उजवा एलेरॉन (विमान कलवणारी, पंखाच्या मागच्या कडेची पट्टी) दिला. अशा वेळी त्याने खाली गेलेल्या पंखाचा हवेशी कोन आणखी वाढतो आणि तो आणखीच कोसळतो. अर्धी गिरकी, आणि बांध.

इथे मात्र विमान बदलून खरंच फरक पडतो. वजन 20 टक्क्यांनी वाढलं की हवेत टिकायला लागणारा किमान वेग साधारण 10 टक्क्यांनी वाढतो. माझं विमान विकत घेतलं तेव्हा हलकं होतं. मग ग्लू गनचे थर, ब्राउन टेप, 'जरा जास्त वेळ उडेल' म्हणून मोठी बॅटरी, असं करत मीच त्याला जड केलं होतं.

बॅटरीचा पट्टा सैल राहून ती मागे सरकली किंवा एलेरॉन उलटे जोडले गेले, तर तो दोष विमानाचा नाही. तसं असेल तर इथेच थांबा आणि जुनंच दुरुस्त करा.

पिशवीतल्या मालाचाही हिशेब करा, कारण निवड त्यावरही ठरते. ट्रान्समीटर, रिसीव्हर (रिमोटचे संदेश घेणारा विमानातला भाग), ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) बहुधा वाचतात. सर्वो हाताने हळूच फिरवा, एखाद्या जागी अडखळला तर आतला दात गेलाय. लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी फुगली असेल, नुसती कोपऱ्यात चेपली असेल, तरी चार्जिंगला लावू नका. माझी एक बॅटरी आठवडाभर गॅलरीत पोह्यांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात होती, आणि त्या आठवड्यात घरात माझ्याशी कुणी धड बोललं नाही.

तेच पुन्हा, की मागे मोटर असलेलं?

खरी लढत या दोघांतच आहे. एकीकडे नेहमीचं ट्रेनर, म्हणजे शिकाऊ विमान: वर बसवलेला पंख, पुढे मोटर, खाली चाकं, चार चॅनेल (रिमोटवरून वेगवेगळ्या चालवायच्या चार गोष्टी). दुसरीकडे ईझीस्टार किंवा बिक्सलरच्या घराण्यातलं, 1.4 मीटरच्या आसपास पंख असलेलं फोमचं ग्लायडरवजा विमान; याची मोटर पंखाच्या मागे, पाठीवर बसते आणि विमानाला पुढे ढकलते. याला चाकं नाहीत. हाताने फेकायचं, पोटावर उतरवायचं.

ट्रेनरच्या बाजूने बोलायचं तर, वाचलेला सगळा माल त्यात जसाच्या तसा बसतो, त्याच्या सवयी तुम्हाला माहीत झालेल्या असतात, आणि जमिनीवरून धावत जाऊन उडायचं खरं शिक्षण तेच देतं. तुमच्या ओळखीत कुणाकडे गवत कापलेली, रोलर फिरवलेली धावपट्टी असेल तर पुढचं वाचूही नका, ट्रेनरच घ्या.

माझ्याकडे नव्हती. माझ्याकडे भाताची धसकटं होती आणि दर वीस पावलांवर बांध. असल्या जमिनीवर चाकं म्हणजे विमान उलटं पाडायची सोय. धसकटात चाक अडकतं, विमान नाकावर येतं, आणि नाकावर कोण? मोटर आणि प्रॉप. उतरण अगदी छान झाली तरी प्रॉप तुटतो. खरंच आपटलं तर शाफ्ट वाकतो, प्लाय उपटतो. मग इपॉक्सी लावा आणि ती सुकायची वाट बघत दुपारची लोकल पकडा. तो रविवार संपला.

मागे मोटर असलेल्याचं नाक म्हणजे नुसता फोम. आपटलं की फोम चेपतो, मोटर बहुधा वाचते. ही विमानं ज्या ईपीओ फोमची असतात, त्याचा चेपलेला भाग उकळत्या पाण्याने बऱ्यापैकी फुगून पूर्ववत होतो. मी चहाच्या आधणातलं कपभर पाणी चमच्याचमच्याने ओतलं तेव्हा चेंदा झालेलं नाक डोळ्यांदेखत वर आलं. बायकोने तेवढ्यापुरतं कौतुकही केलं. तुकडा पडलाच तर फोमचा गोंद आणि दहा मिनिटं. पंख दोन भागांत निघतात, मधे कार्बनची दांडी असते, त्यामुळे सगळं एका लांब खोक्यात मावतं. आधीच्या ट्रेनरचा सलग 1.2 मीटरचा पंख घेऊन गर्दीच्या लोकलमध्ये चढणं काय असतं ते ज्याचं त्याला ठाऊक.

दोष आहेत. मोटर उंचावर असल्याने थ्रॉटल एकदम वाढवलं की नाक खाली जातं आणि एकदम सोडलं की वर येतं. पहिल्या दोन बॅटऱ्या हेच अंगवळणी पडण्यात जातात. फेकताना प्रॉप आपल्या हाताच्या मागे फिरत असतो, म्हणून आधी फेका, हात मोकळा होऊ द्या, मग थ्रॉटल द्या. आणि ते तरंगतं. मोटर बंद केल्यावर ट्रेनर जिथे खाली येतं, तिथून हे खुशाल आणखी दोन खाचरं ओलांडून आंब्याच्या झाडावर जाऊन बसतं. जागा अरुंद असेल तर हा मोठा दोष धरा.

यात एलेरॉन नसलेली, फक्त रडरवर (शेपटीच्या उभ्या पट्टीवर) वळणारी मॉडेलंही मिळतात. ती घेऊ नका. चार चॅनेलची सवय झालेला हात पुन्हा तीनवर नेण्यात अर्थ नाही.

माझं मत मागे मोटर असलेल्याला. उडायला ट्रेनर काही कमी नाही, पण त्याच सकाळी पुन्हा उडतं ते हे.

बाकीचे उमेदवार

250 ग्रॅमच्या आतली, अर्ध्या मीटर पंखांची, गायरो बसवलेली छोटी विमानं सध्या फार खपतात. काडी सोडली की गायरो पंख सरळ करतो, आणि वजनच नसल्याने पडून फारसं तुटत नाही. बॅकपॅकमध्ये जातात. पण वाऱ्यात त्यांचा पाचोळा होतो. शिवाय बऱ्याच मॉडेलांत रिसीव्हर, गायरो, ईएससी सगळं एकाच बोर्डावर असतं. ते गेलं की सगळं गेलं, आणि तुमच्या पिशवीतला जुना माल त्यात कशालाच लागत नाही. हौस म्हणून तिसरं विमान हे घ्या. परदेशी साइटवरून मागवणार असाल तर एक लक्षात असू द्या: तयार ड्रोनची आयात फेब्रुवारी 2022 पासून बंद आहे, सुट्या भागांची नाही. गायरोवालं तयार विमान कस्टममध्ये ड्रोन ठरलं, तर पैसे अडकले.

घरी बांधलेलं विमान मी दुसऱ्या नंबरवर ठेवतो. वाचलेले सर्वो, ईएससी, रिसीव्हर त्यात जातात, मोटर आणि उरलंसुरलं लॅमिंग्टन रोडला मिळतं, फोमशीट क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूला. जाहिरातींच्या फलकांची ती पोकळ नळ्यांची प्लॅस्टिक शीट दणकट असते पण जड, त्यामुळे वर सांगितलेलं वजनाचं गणित पुन्हा अंगावर येतं. थर्माकोल वापरणार असाल तर फेविक्विक लांब ठेवा, ते त्याला खातं. पहिल्या उड्डाणाआधी सीजी (विमानाचा तोल जिथे साधतो तो बिंदू) तपासा: पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या 25 ते 33 टक्क्यांवर दोन बोटांनी उचललं की विमान सपाट राहिलं पाहिजे, किंचित नाक खाली चालेल, शेपूट खाली अजिबात नाही. तीन-चार संध्याकाळी जातात, आणि जून ते सप्टेंबर नाहीतरी दुसरं काही होत नाही. फक्त एक, नवं डिझाइन आणि नवशिका हात एकाच दिवशी हवेत गेले, तर पडल्यावर दोष कुणाचा हे कळत नाही. जवळपास अनुभवी माणूस असेल, आणि पहिलं उड्डाण तो करणार असेल, तरच.

स्पिटफायर? पंख खाली, टोकाकडे निमुळता, वजन जास्त, वेग जास्त. मी ज्या चुकीने पडलो, त्या चुकीला हे विमान ट्रेनरपेक्षा कितीतरी कमी माफी देतं. भिंतीवर चित्र लावा.

कुठे आणि कधी

250 ग्रॅमच्या आत म्हणजे मुंबईत कुठेही चालतं, हा गैरसमज आहे. ड्रोन नियम 2021 प्रमाणे विमानतळाच्या हद्दीपासून 8 किलोमीटरच्या आत जमिनीपासूनच परवानगी लागते, 8 ते 12 किलोमीटरमध्ये 200 फुटांच्या वर. त्यापलीकडे, हिरव्या क्षेत्रात, 400 फुटांपर्यंत मोकळीक. शिवाय मुंबई पोलिसांचे मनाई आदेश वेळोवेळी निघत असतात आणि त्यांत ड्रोनबरोबर रिमोटवर चालणाऱ्या विमानांचाही उल्लेख असतो. तेव्हा शिवाजी पार्क विसरा. डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईचं विमानतळ सुरू झाल्यावर पनवेल-उलवेकडच्या जुन्या जागाही हिशेबातून गेल्या. निघण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी साइटवरचा नकाशा उघडून बघा, आणि शेत कुणाचं आहे त्यांना विचारा.

शाळेत पाठ केलेले खारे वारे आणि मतलई वारे इथे कामाला येतात. ऊन चढलं की समुद्राकडून वारा सुटतो आणि दुपारी तो आत कर्जतच्या बाजूलाही जाणवतो. हलकं, मोठ्या पंखांचं विमान घेतलंत तर नऊच्या आत उडवून मोकळे व्हा.

मी शेवटी मागे मोटर असलेलंच घेतलं. तिसऱ्या रविवारी तेही त्याच खाचरात आपटलं, नाकाला आडवी चीर गेली. बांधावर बसून चिकटवलं, बॅटरी जागेवर घट्ट केली, आणि पंधरा-वीस मिनिटांत पुन्हा हवेत. शेताचे मालक तेव्हाही उभेच होते. या वेळी किंमत नाही विचारली. "पुढच्या खेपेला मी फेकून बघू का?" एवढंच म्हणाले.