ऑर्नामेंटल मिल: पिळाच्या खांबांसाठी घ्या, लेथ समजून घेऊ नका

ओहायोत आमच्या गॅरेजच्या एका भिंतीला लागून लेगसी कंपनीची हाताने फिरवायची ऑर्नामेंटल मिल, म्हणजे लाकडावर पीळ आणि पन्हळी कापायचं यंत्र, उभी आहे. कंपनी युटा राज्यातली. आता तिचा भर संगणकावर चालणाऱ्या सीएनसी यंत्रांवर आहे, त्यामुळे हँडलवाली जुनी मिल हवी असेल तर सेकंडहँडच शोधावी लागते. मीही तशीच घेतली. तिच्यावर केलेला देव्हारा मंडळाच्या गणपतीत ठेवला होता, आणि तेव्हापासून लाकूडकामाची हौस असलेली तरुण मंडळी एकच प्रश्न विचारतात, "काका, ही घेतली तर मग लेथची (लाकूड भरभर फिरवून कातायच्या यंत्राची) गरज नाही ना?" गरज आहे. ती का आहे आणि तरीही ही मिल मी का विकणार नाही, ते इथे सविस्तर लिहितो.

आधी यंत्र समजून घ्या. एका टोकाला हेडस्टॉक, दुसऱ्या टोकाला टेलस्टॉक, मधे लाकूड धरलेलं. इथपर्यंत लेथच वाटतो. पण लाकूड इथे भरभर फिरत नाही. त्याच्या वर रुळांवर सरकणारी एक गाडी आहे आणि तिच्यात आपला साधा राउटर, म्हणजे फिरत्या पात्याने लाकूड कोरणारं हातातलं विजेचं यंत्र, उभा बसतो. कापतो तो राउटरचा बिट (पातं), मिनिटाला २०,००० च्या आसपास फेरे घेत. लाकूड आपण हँडल फिरवू तसं, अगदी संथ फिरतं. त्याच हँडलने लीड स्क्रू, म्हणजे आटे पाडलेला लांब दांडा, गाडीला पुढे नेतो आणि गिअरच्या जोडीतून लाकडालाही वळवतो. लाकडाचा एक फेरा होईपर्यंत गाडी जितकी सरकली, तितकी पिळाची पिच. गिअर बदला, पिच बदलते. लाकूड फिरू न देता नुसती गाडी चालवली तर सरळ उभ्या पन्हळी पडतात. गाडी थांबवून नुसतं लाकूड फिरवलं तर गोल कड्या.

मी पिंपरी-चिंचवडच्या टूलरूममध्ये नोकरी केली, म्हणून हे यंत्र पाहताक्षणी ओळखीचं वाटलं. युनिव्हर्सल मिलिंग मशीनवर हेलिकल (तिरप्या दातांचे) गिअर कापताना आम्ही डायव्हायडिंग हेड, म्हणजे कामाला मोजून वळवणारं उपकरण, गिअरच्या साखळीने टेबलाच्या लीड स्क्रूला जोडायचो. तेच हे, फक्त पोलादाऐवजी लाकूड आणि मिलिंग कटरऐवजी राउटर. ज्यांनी लेथवर चेंज गिअर लावून आटे पाडलेत त्यांना याचं गणित एका संध्याकाळी कळेल. ज्यांनी नाही पाडले त्यांनी कागदावर दांड्याचा घेर आणि पिच घेऊन एक काटकोन त्रिकोण काढून बघावा. दोन इंच व्यासाच्या खांबाचा घेर साधारण ६.२८ इंच. पिच ४ इंच घेतली तर खाच खांबाच्या उभ्या रेषेशी सुमारे ५७ अंशांनी कलते. हा कल डोळ्यांसमोर आला की पीळ बसका दिसणार की लांबट, हे लाकूड न कापता कळतं.

मुळात ही कला इंग्लंड-युरोपातल्या श्रीमंत हौशी लोकांची. स्ट्रासबुर्गहून लंडनला आलेल्या जॉन जेकब होल्टझाफेल यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथे कारखाना काढला, आणि त्यांच्या घराण्याच्या लेथवर उमराव मंडळी हस्तिदंत आणि आफ्रिकन ब्लॅकवूडवर नक्षी कापत बसायची. त्या लेथच्या पुलीवरच विभागणीची भोकं असत, १४४, १२०, ११२, ९६ अशा वर्तुळांची. काम थांबवून धरायचं, कापणारं हत्यार फिरवायचं, एक खाच झाली की ठरलेली भोकं मोजून पुढची. ब्रिटनमध्ये या कामाची सोसायटी ऑफ ऑर्नामेंटल टर्नर्स ही संस्था १९४८ साली निघाली. अमेरिकेत सत्तरच्या दशकात सिअर्सने क्राफ्ट्समन ब्रँडखाली राउटर क्राफ्टर नावाची स्वस्त जोडणी विकली. तिच्यात राउटरची गाडी आणि डोक्याकडचं चाक तारेच्या दोरीने बांधलेलं असतं. तीन इंच जाडीचं, छत्तीस इंच लांबीचं लाकूड तीत बसतं. टेबलाच्या पायांवर पन्हळी पाडायला ती अजूनही कामाची आहे. पण चाकाचा घेर ठरलेला, म्हणून पीळही ठरलेला. लेगसीत गिअर बदलता येतात, आणि माझ्या मते तिचं सगळं मोल या एका गोष्टीत आहे.

आता देव्हाऱ्याचं सांगतो. चार खांब, वॉलनटचे, २ इंच व्यासाचे. डबल स्टार्ट पीळ, म्हणजे एकमेकींना न छेदता गुंडाळत जाणाऱ्या दोन खाचा. पिच ४ इंच. जुन्या कारागिरांचा सर्वसाधारण ठोकताळा असा की डबल स्टार्टला पिच व्यासाच्या दुप्पट धरावी. पीळ भरदार दिसतो आणि खांब नाजूकही होत नाही. महत्त्वाचं हे की डावीकडच्या दोन खांबांचा पीळ एका दिशेला आणि उजवीकडच्या दोघांचा विरुद्ध हवा. चारही एकाच दिशेचे केले तर देव्हारा एका अंगाला कलल्यासारखा भासतो. समोर उभं राहिलेल्या माणसाला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण खटकतं. जुन्या गोव्याच्या चर्चमध्ये सोनेरी वेदीच्या दोन बाजूंना पिळाचे खांब असतात, पुढच्या खेपेला त्यांच्या दिशा बघा.

हाताने पटाशी आणि कानशीने एक सुंदर पीळ कोरणारे कारागीर आहेत, त्यांच्यापुढे मी नतमस्तक आहे. पण आरशातल्यासारखी जोडी हाताने करणं फार अवघड. मिलवर गिअरच्या साखळीत एक आयडलर (मधला जास्तीचा गिअर) वाढवला की लाकूड उलट फिरतं, पिच मात्र तीच राहते. माझे चारही खांब मी ओळीने उभे केले आणि खाचांच्या उंचीवरून सुतळी ताणली. सुतळी सगळ्या खाचांच्या तळाला टेकली. एवढ्या एका गोष्टीसाठी मी या यंत्राला पैकीच्या पैकी गुण देतो.

दुसरी खाच पहिलीच्या बरोबर समोर आणणं, म्हणजे इंडेक्सिंग, इथे सोपं आहे. आमच्या डायव्हायडिंग हेडचं गुणोत्तर ४०:१ असायचं, म्हणजे हँडलचे ४० फेरे झाले की कामाचा एक. सहा भाग हवे तर हँडलचे ६ पूर्ण फेरे आणि वर २४ भोकांच्या वर्तुळावरची १६ भोकं. इथे ती आकडेमोड लागत नाही. खाच संपली, गिअरची पकड सोडली, लाकूड अर्धा किंवा पाव फेरा वळवून पुन्हा पकडलं, झालं. फक्त बॅकलॅश विसरू नका. गिअरच्या दातांमध्ये थोडी ढिलाई असतेच. म्हणून कापायचं ते नेहमी एकाच दिशेने, आणि परत येताना बिट वर उचलून. जाता-येता दोन्हीकडे कापलं तर खाचेच्या भिंतीवर पायरी पडते, आणि ती पायरी पॉलिश पेपरने जात नाही.

कट उथळ घ्यावा. एका वेळी १/८ इंचाहून खोल जाऊ नये, आणि शेवटचा हात नुसता चाटून जाईल इतका. हँडलचा वेग हा सगळ्यात मोठा विषय आहे आणि तो कुठल्याही माहितीपत्रकातून शिकता येत नाही. चेरीवर जरा रेंगाळलात की काळा डाग उमटलाच, ते लाकूड फार पटकन जळतं. ओकचे तंतू मोकळे, त्याच्या कडेची ढलपी उडते. पिळाच्या खाचेला दोन भिंती असतात, आणि बिट एकीवर तंतूंच्या कलाने जातो तर दुसरीवर तंतूंच्या विरुद्ध. म्हणून एक भिंत गुळगुळीत आणि समोरची केसाळ, असं दिसलं तर यंत्राला दोष देऊ नका; बिटची धार बघा आणि शेवटचा कट आणखी हलका घ्या. वॉलनट या बाबतीत गुणी लाकूड आहे. साग इथे सोन्याच्या भावाने मिळतो, शिवाय त्यात सिलिका असल्याने धार लवकर मरते. सागावर काम करायचंच असेल तर कार्बाइडचेच बिट घ्या.

पोकळ पीळही या यंत्रावर होतो, ज्यात मधला गाभा नसतो आणि नुसत्या दोन वेली एकमेकींभोवती चढल्यासारख्या दिसतात. आधी लाकडाला मधोमध आरपार भोक पाडून घ्यायचं, त्यात बरोबर बसणारा दांडा सरकवून आधार द्यायचा, आणि मग बाहेरून खाच त्या भोकापर्यंत खोल न्यायची. समईशेजारी ठेवायला मी असा एक छोटा स्तंभ केला, चेरीचा. शेवटच्या कटाला श्वास रोखून हँडल फिरवलं. सगळ्यांना दाखवावा इतका तो मला आवडतो.

आता लेथचा प्रश्न. चौकोनी ओंडका मिलवर गोल करता येतो, पण राउटरने एकेक पट्टा खरवडत. लेथवर गोल पटाशीने जे काम चहा निवेपर्यंत होतं, त्याला इथे अख्खी दुपार जाते, आणि गॅरेजभर बारीक भुसा. लेथच्या लांब, ओलसर ढलप्यांचा आनंद नाही, आहे तो राउटरचा कर्कश आवाज. कानांना संरक्षण, तोंडाला चांगला मास्क आणि डस्ट कलेक्टर हे तिन्ही यंत्राच्या किमतीतच धरा. म्हणून माझी पद्धत ठरलेली: गोलाई, गळे, मणी हे सगळं कातकाम लेथवर, आणि मग तोच दांडा मिलवर फक्त पीळ आणि पन्हळींसाठी.

दुसरं, लाखकाम मिलवर होत नाही. सावंतवाडीच्या खेळण्यांवरची चमक वेगाने फिरणाऱ्या लाकडाला लाखेची कांडी घासून येते. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि केवड्याच्या पात्याने ती सारखी पसरवतात. मिलवर लाकूड फिरतं कासवाच्या चालीने, तिथे लाख कशी वितळणार? पण क्रम उलटा करून मी एक डबी केली: लेथवर आधी पिवळ्या लाखेचा थर, त्यावर लाल, आणि मग मिलवर राउटरचा वेग कमीत कमी ठेवून अगदी उथळ पन्हळी. लालातून पिवळी रेघ आणि तिच्या पोटात लाकूड, असं दिसलं. वेग वाढला की लाख मऊ होऊन बिटला चिकटते, त्यामुळे हे काम धीराच्या माणसाचं. आपल्याकडच्या कातारी मंडळींच्या हाती असं यंत्र पडलं तर ते काय काय करतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

पेशवाई वाड्यांतल्या सुरूदार खांबाची फर्माईश दोघांनी केली. नम्रपणे सांगतो, तो या यंत्राचा प्रांत नाही. खालून फुगीर, वर निमुळता होत जाणारा तो आकार आणि बुडाशी कोरलेली पानं हे हाताच्या पटाशीचंच काम आहे.

घासणीबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून बोलतो. खाच कापण्यापेक्षा जास्त वेळ तिला घासण्यात जातो. कापडी पाठीचा पॉलिश पेपर बोटभर रुंदीच्या पट्ट्यांत फाडायचा, खाचेत गुंडाळायचा आणि मोचीसारखा पुढेमागे ओढायचा. राउटर अर्थातच बंद. त्यावर मी चपडा लाखेचं स्पिरिट पॉलिश देतो, पातळ हात, पुष्कळ वेळा. जाड दिलं तर खाचेच्या तळाशी साचतं आणि पिळाची धार मरते.

मग सीएनसी का नको? चार अक्षांचं सीएनसी हे सगळं करतं, आणि धंदा करायचा असेल, महिन्याला जिन्याच्या शेकडो काठ्या द्यायच्या असतील, तर तेच घ्या. मला हँडल हवं. लाकडात गाठ आली की ती हाताला कळते, आणि मी वेग कमी करतो. तो निर्णय दर इंचाला माझा असतो. देवाच्या घराचे खांब करताना मला तसंच काम हवं होतं.

ज्यांना लाटणी, वाट्या, पाळण्याचे मणी करायचेत त्यांनी मी दिलेल्या पैशांत चांगला लेथ घ्यावा. लेथ आधीपासून असेल, जागा असेल आणि पिळाची ओढ असेल, त्यांनी मिल शोधावी. पाहायला जाताना डायल इंडिकेटर (बारीक फरक काट्याने दाखवणारं मापक) बरोबर न्या. सगळे गिअर आहेत का ते मोजा. जो गिअर हरवलाय त्याची पिच गेली. हँडल पूर्ण लांबीभर फिरवून बघा, मधेच जड किंवा सैल लागलं तर लीड स्क्रू झिजलेला आहे. मग दोन सेंटर्समध्ये (लाकूड धरणाऱ्या दोन टोकांमध्ये) एक सरळ पॉलिश केलेला पोलादी दांडा धरा, इंडिकेटर गाडीला लावा आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत न्या. १५-२० थाऊचा (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) फरक लाकडाला चालतो आणि तो टेलस्टॉक सरकवून काढताही येतो. काटा मधल्या भागातच वर-खाली नाचत असेल तर रूळ वाकलेले आहेत. मग विकणाऱ्याने किंमत कितीही उतरवली तरी ती मिल घेऊ नका.