गावाकडचे वाईट दिवस : कॅमेरा की स्केचबुक?

गावातल्या हलाखीवर काही काम करायचंय आणि कॅमेरा घ्यावा की स्केचबुक हे ठरत नसेल, तर मी दोन्ही वापरलंय म्हणून थोडं सांगतो.

पुरावा हवा असेल तर फोटोच, त्यात वादच नाही. १९४३ ला बंगालमध्ये माणसं मरत होती आणि सरकार दुष्काळ म्हणायलाच तयार नव्हतं, तेव्हा २२ ऑगस्टला 'द स्टेट्समन' या इंग्रजी वर्तमानपत्राने कलकत्त्याच्या रस्त्यांवरच्या भुकेल्या माणसांचे फोटो छापले आणि मग नाकारणं अवघड झालं. चित्रं छापली असती तर 'चित्रकाराने रंगवून सांगितलंय' म्हणून लोक मोकळे झाले असते. अर्थात हाच विश्वास फोटोवर उलटतो पण, १९३६ ला अमेरिकेत आर्थर रॉथस्टाइन या सरकारी फोटोग्राफरने दुष्काळी भागात गुराची कवटी थोडी सरकवून वेगवेगळे फोटो काढले तर 'फोटो बनावट' म्हणून केवढा गदारोळ, दुष्काळ खरा असूनही.

चित्राची खोड वेगळी, ते पटकन सुंदर होतं. ज्या काळात अमेरिकेच्या आयोवा राज्यातले शेतकरी कर्जाने बुडत होते त्याच काळातली चित्रकार ग्रँट वुडची शेतं बघा, गोल गुबगुबीत हिरव्या टेकड्या. बघायला छान वाटतं आणि तीच अडचण आहे.

तरी मी स्केचबुककडे वळलो, ते एका गोष्टीमुळे. कॅमेरा वर केला की समोरच्या बाईचं काम थांबतं, पोरं गोळा होतात, आणि ती मध्येच हसली की फोटो 'बिघडतो', मग तिचा चेहरा परत उतरायची वाट बघत उभं राहायचं. हे मला फार खटकायला लागलं, कारण वाईट दिवसांतही माणसं हसतात, भांडतात, शेजारणीची चेष्टा करतात, आणि आपण नेमकं तेवढंच गाळतो. स्केच काढायला बसलं की वेळ जातो, थोड्या वेळाने ती आपल्याला विसरून कामाला लागते, बोलायला लागते, ते सगळं हातात उतरतं निदान माझ्या तरी.

आणि नाव. अमेरिकन फोटोग्राफर डोरोथिया लँगचा १९३६ चा त्या स्थलांतरित आईचा फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो, पण तिचं नाव विचारलं नव्हतं असं लँगनेच पुढे लिहिलंय, ती कोण हे जगाला कळायला १९७८ उजाडलं. उलट बंगालच्या त्याच दुष्काळात गावोगाव फिरलेल्या चित्रकार चित्तप्रसादांच्या स्केचेसखाली माणसाचं नाव, गाव, काय घडलं ते लिहिलेलं सापडतं. त्याच दुष्काळाची चित्रं काढणाऱ्या झैनुल आबेदिन यांनी तर पॅकिंगच्या स्वस्त कागदावर काळ्या शाईने काढलं, रंग नाहीतच, त्यामुळे सुंदर व्हायची भीतीही बरीच कमी. मी पण रंग सोडले ते त्यांचं बघूनच.

सगळ्यांना हे जमेल असं नाही म्हणत, हात बसायला वेळ लागतो. पेपरला उद्या काही पाठवायचं असेल, मदत लवकर पोचवायची असेल तर कॅमेराच घ्या, फक्त नाव विचारा आणि हसतानाचा फोटो डिलीट करू नका. घाई नसेल तर एक साधी वही आणि काळं पेन घेऊन जा, पहिल्या दिवशी तर काढूही नका, नुसतं बसा.